घोड्यापाशी पाठ फिरवायची

त्या शनिवारी सकाळी भाड्याच्या सायकलींत हवा भरता भरता एलवीरानं नवऱ्याला तिसऱ्यांदा तेच विचारलं.

"एक शब्द, तिनो. फोन मी तुझ्या कानाला लावते. तू नुसतं 'ये' म्हण. पुढचं माझं मी बघते."

तिचा तिनो, म्हणजे फाउस्तीनो, दुकानाच्या मागच्या दारात बसून ग्राइंडरची चकती बदलत होता. "काय? ऐकू आलं नाही."

"नको असतं तेवढंच बरं ऐकू येत नाही तुला!"

"त्यानं आधी माफी मागावी. मग बघू."

"कशाची माफी? कापलंस तू, आणि माफी त्यानं मागायची? वा रे न्याय!"

यावर त्यानं ग्राइंडर सुरू केला. हे त्याचं नेहमीचंच. भांडणात हरायला लागला की माणूस यंत्र चालू करायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ बघायचा असेल तर आमच्या पिएद्रा मान्सा गावात यावं आणि आमच्या फाउस्तीनोला बघावं. एलवीरानं हातातला पंप आपटला, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि बाहेर सायकलफेरीला जमलेल्या पाहुण्यांसमोर जाऊन उभी राहिली.

गोष्ट एवढीच होती. त्यांचा एकुलता एक मुलगा रेने चार वर्षांपूर्वी घर सोडून गेला. आमच्या वाळवंटात रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोखंडी जनावरं उभी आहेत. हत्ती, उंट, कासव, विंचू, आणि दोन पायांवर उभा राहिलेला दुमजली घराएवढा घोडा. ज्यानं ती घडवली तो म्हातारा कधीच गेला. त्यांची डागडुजी फाउस्तीनो करतो आणि रेने त्याची शिडी धरायचा. एके दिवशी पोरानं भंगारातून स्वतःच्या हातानं एक शिंगरू जोडलं आणि घोड्याच्या पायाशी आणून उभं केलं. सगळा गाव बघायला जमला. फाउस्तीनोनं त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "हे शिंगरू नाही, ही बकरी आहे." लोक हसले. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी गॅसकटर नेऊन त्यानं ते खुरापासून कापून टाकलं. आठवड्याच्या आत रेने अलास्कात मासेमारीच्या बोटीवर गेला. वाळवंटातलं पोर, त्याला धड पोहता येत नाही, आणि गेलं कुठं तर बर्फाच्या समुद्रावर. आई काय झोपते का मग?

गावात तारेचे फोन दोन-चारच; घरच्या त्या फोनवर तो कधी करायचा नाही, बाप उचलेल म्हणून. आईच्या मोबाइलवर करायचा. आणि मोबाइलला आमच्या गावात रेंज नाही. ती येते ती फक्त घोड्यापाशी, त्याच्या पोटाखाली आणि आजूबाजूला वीस पावलं. डोंगरात समोर एक खिंड आहे, तिच्यातून काय शिरत असेल ते शिरतं. म्हणून आमच्याकडे फोन ही खिशात बाळगायची वस्तू नाहीच. घरी चार्जरला लावलेला असतो आणि घोड्याकडे जायचं असलं की आठवणीनं उचलायचा. गेल्या शनिवारी रेने म्हणाला होता, "आई, पुढच्या शनिवारी बोट सुटायच्या आधी करतो. ही फेरी दोन महिन्यांची. परत आलो की मालक मला कायमचा ठेवून घेणार आहे, घर देतोय इथं. मी 'हो' म्हणणार आहे. बाबांनी स्वतः 'ये' म्हटलं तरच नाही म्हणेन. तू म्हणून चालणार नाही हं. त्यांनी."

तर असं होतं. आणि नेमक्या त्याच शनिवारी एलवीराच्या गळ्यात सात पाहुणे.

"ही सोपी फेरी आहे," ती त्यांना सांगत होती. रोजचंच भाषण, पण आज तोंड बोलत होतं आणि जीव भलतीकडे होता. "चढ नाही, उतार नाही, नातवंडंसुद्धा करतात. सायकल डांबरावरून खाली घालायची नाही. वाळूत सराटे आहेत, चाकाची चाळण होते. जनावर जवळून बघायचं तर सायकल खांद्यावर घ्या. तहान लागायच्या आधी पाणी प्या. आणि शेवटचं म्हणजे घोड्यापाशी कोणी फोनवर बोलत असेल तर रस्त्यावरच थांबायचं आणि पाठ फिरवायची. त्याचं होईपर्यंत पुढं जायचं नाही, बघायचं नाही, हाक मारायची नाही."

"हे कशासाठी?" मिनेसोटाहून आलेल्या वेंडेलनं विचारलं. दातांचा डॉक्टर होता, निवृत्त. त्याची सायकल स्वतःची होती आणि ती केवढ्याला घेतली हे त्यानं सगळ्यांना सांगून झालं होतं.

"कारण आमच्या गावात जन्म कळतात ते तिथं आणि मरणं कळतात तीही तिथंच," एलवीरा म्हणाली. "आणि रडताना कोणी बघितलेलं कोणाला आवडतं?"

मंडळी निघाली. निघाली म्हणजे काय, रांगायला लागली. हत्तीपाशी थांबून फोटो. हत्तीच्या सोंडेखाली फोटो. हत्तीकडे पाठ करून फोटो. हॅरिएट नावाच्या उंच बाईंना निवडुंगावर एक पक्षी दिसला, तर सगळ्यांनी श्वास रोखून त्याच्याकडे बघायचं. एलवीरा एक पाय जमिनीवर, एक पॅडलवर ठेवून उभी. अगं बाई, उडव ना तो पक्षी! तिला वाटलं टाळी वाजवावी. एरवी हीच एलवीरा पाहुण्यांना म्हणायची, सावकाश बघा, घाई कसली, वाळवंट कुठं पळून जातंय. आज तिला प्रत्येक माणूस मुद्दाम आपला अंत बघतोय असं वाटत होतं.

"तुम्ही बऱ्या आहात ना?" हॅरिएटनी विचारलं.

"उत्तम आहे. चला."

उंटापाशी व्हायचं तेच झालं. वेंडेलला उंटाच्या दोन वशिंडांच्या मधून सूर्य टिपायचा होता. सायकल खांद्यावर घ्यायला सांगितलं होतं, पण एवढी महागाची सायकल काय सराट्याला भिते? घातली वाळूत. दहा हात गेला नाही तोच दोन्ही चाकांतून फुस्स.

"अहो, मी सांगितलं नव्हतं?"

"माझे टायर खास आहेत," वेंडेल म्हणाला.

"सराट्याला ते माहीत नव्हतं," हॅरिएट म्हणाल्या, आणि सगळे हसले. एलवीरा सोडून.

तिनं गुडघ्यांवर बसून चाक उतरवलं. एका ट्यूबमध्ये सात काटे, दुसरीत मोजायची सोय नाही. हात भराभर चालत होते पण मन त्याहून पुढं धावत होतं. तिकडे उजाडलं असेल. दोर सोडले असतील. तो घोड्याखालच्या आईला फोन करत असेल आणि आई इथं एका दंतवैद्याची ट्यूब बदलत बसली आहे. दुसऱ्या चाकात हवा भरून ती उठली, हात पुसायला फडकं काढायचं म्हणून मागच्या खिशात हात घातला, आणि तसाच ठेवून उभी राहिली.

खिशात फडकं होतं. फोन नव्हता.

तिनं पुढचा खिसा बघितला, पिशवी उलटी केली, पंचरचं सामान, संत्री, मलम, सगळं डांबरावर ओतलं. फोन दुकानात, गल्ल्याशेजारी, चार्जरला. सकाळी भांडणाच्या तिरीमिरीत तशीच निघाली होती. कपाळ माझं! रोज न्यायचा नसतो म्हणून रोजच्यासारखीच आली.

"माझा वापरा ना," हॅरिएट म्हणाल्या.

"नंबर पाठ नाही हो. पोटच्या पोराचा नंबर, आणि पाठ नाही!" मग तिनं सामान गोळा केलं आणि म्हणाली, "एकच रस्ता आहे, चुकायला जागा नाही. तुम्ही मागून या. मी दुकानात जाऊन परत येते."

फेरी गोल आहे. मागं गेलं काय आणि पुढं गेलं काय, दुकान तेवढंच लांब. पुढच्या वाटेवर निदान घोडा होता. एलवीरा पुढं निघाली. सोपी फेरी म्हणे! समोरून वारा सुटला होता आणि सपाट रस्ताही तिला चढासारखा लागत होता. कासव गेलं, तिनं बघितलं नाही. विंचू गेला. छाती भात्यासारखी हलत होती आणि तोंडानं ती सगळ्या संतांना आणि नवऱ्याला आळीपाळीनं हाका मारत होती, संतांना साकडं घालायला आणि नवऱ्याला शिव्या द्यायला.

वळण घेतल्यावर घोडा दिसला. आणि घोड्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, त्यांचीच निळी गाडी.

घोड्याच्या पोटाखाली फाउस्तीनो उभा होता. कानाला लाल फुलाफुलांचं कव्हर असलेला फोन. तिचा फोन.

काय झालं असेल ते तिला तिथल्या तिथं कळलं. गल्ल्यापाशी राहिलेला फोन त्यानं बघितला, बायको घोड्यापाशी पोचायच्या आत तिच्या हातात द्यावा म्हणून गाडी काढली, आणि इथं आल्याबरोबर तो वाजला. वाजणाऱ्या फोनकडे बघून हा माणूस किती वेळ उभा राहिला असेल देव जाणे. पण उचलला होता.

सायकल आडवी टाकून ती वाळूत उतरली.

"अगं ए! कुठं निघालीस?"

रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्चीत दोरोतेआमावशी बसली होती. वय नव्वदीकडे झुकलेलं, डोक्यावर पुरुषी टोपी, मांडीवर पर्स आणि पर्सवर फोन. घोड्याकडे पाठ करून बसली होती, तरी तिला कोण आलं ते कळलं.

"मावशी, तो माझा फोन आहे."

"फोन तुझा असेल. पण कानाला त्याच्या आहे. दवाखान्यात फोन लावायचा म्हणून मी केव्हाची थांबले आहे. मी गेले का मधे? फीर मागं."

"तो रेने आहे मावशी! तिनो त्याच्याशी बोलतोय!"

म्हातारीनं डोक्यावरची टोपी मागं सरकवली. मग म्हणाली, "तर मग अजिबातच जायचं नाही. चार वर्षांनी बाप बोलतोय पोराशी. तू गेलीस की तो फोन तुझ्या हातात कोंबेल आणि सुटेल. ओळखत नाहीस का त्याला?"

ओळखत होती. म्हणून तर ती थांबली. आणि ओळखत होती म्हणूनच तिला थांबवेना. हा माणूस दोन वाक्यांत होत्याचं नव्हतं करतो. आत्ता तिथं काय बोलत असेल? पुन्हा बकरी म्हणत असेल? माफी माग म्हणत असेल? मागून पाहुणे आले, त्यांनी सायकली डांबरावर उभ्या केल्या, आणि सकाळी शिकवलं होतं तसं सातहीजणांनी शहाण्या मुलांसारखी पाठ फिरवली. वेंडेलनं तर हेल्मेटसुद्धा काढून हातात घेतलं. आता त्यांच्यादेखत तिनं काय करायचं? तिनंही पाठ फिरवली.

वाऱ्यावर कधी एखादा आवाज यायचा. एकदा फाउस्तीनोचं खाकरणं आलं. एकदा "थंडी" हा शब्द आला. मग बराच वेळ काहीच नाही.

"ऐकतोय वाटतं," दोरोतेआ पुटपुटली. "ऐकतोय हे बरं आहे. पुरुष ऐकायला लागला की अर्धं काम झालं."

एलवीरा बोटं मोडत होती. डांबरावर चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. हॅरिएटनी न बोलता तिच्यापुढं पाण्याची बाटली धरली, ती तिनं घेतली आणि प्यायची विसरली. मागून काही म्हणजे काही आवाज नव्हता. फाउस्तीनो इतका वेळ कोणाचं ऐकत नाही. पाद्रीबाबांचंसुद्धा नाही.

"मावशी, फार वेळ झाला."

"होऊ दे."

"तो काहीच बोलत नाहीये."

"रडत असेल. म्हणून तर पाठ फिरवायची असते."

एलवीरानं आणखी थोडा दम धरला. मग तिच्यातलं काहीतरी तुटलं. "जळो मेली ती रीत!" ती म्हणाली आणि वळली. फाउस्तीनो होता तसाच उभा होता, एक हात घोड्याच्या मांडीवर, मान खाली, फोन कानाला घट्ट दाबलेला. ती वाळूतून धावत गेली. मागून दोरोतेआनं हाक मारली ती तिनं ऐकली नाही.

तिला बघून फाउस्तीनोनं ओठांवर बोट ठेवलं. त्याचे डोळे लाल होते.

"शू," तो हळूच म्हणाला. "विचार करतोय तो."

"कोण?"

"रेने. मी म्हटलं त्याला. ये म्हटलं. तेव्हापासून गप्प आहे. करू दे विचार. घाई नको करायला."

एलवीरानं त्याच्या कानावरचा फोन काढून घेतला. पडदा काळा होता. कोणी नव्हतं तिकडे. केव्हाचं कोणी नव्हतं.

"तिनो," ती म्हणाली, "हा तुटलाय."

"नाही नाही. तो विचार—"

"तुटलाय रे! बघ! 'ये' कधी म्हणालास? तुटायच्या आधी की नंतर?"

तो फोनकडे बघत राहिला. ग्राइंडरपाशी आयुष्य घालवलेल्या माणसाच्या कानांना तुटलेल्या फोनची शांतता आणि पोराची शांतता यांतला फरक काय कळणार? "माहीत नाही," तो म्हणाला. "आधी म्हणालो, कापायला नको होतं मी. ते ऐकलं त्यानं. 'हं' म्हणाला. मग म्हणाला, 'मग?' मी जरा... मला जरा वेळ लागला, एलवीरा. परत म्हणाला, 'मग, बाबा?' मागं भोंगा वाजत होता. मग मी म्हटलं, ये."

ती फोन लावत होती. दोनदा चुकली. सगळे तिकडे पाठ करून शहाणपणानं उभे होते तेव्हा लावला असता तर बोट अजून धक्क्याजवळ असती. हे तिला कळत होतं आणि तिला ओरडावंसं वाटत होतं, नवऱ्यावर, मावशीवर, रीत पाळणाऱ्या अख्ख्या गावावर. घंटी वाजलीच नाही. सरळ रेनेचा आवाज आला, आनंदी, कधीतरी मागं भरून ठेवलेला. "मी समुद्रावर आहे. परत आलो की ऐकेन. बोला."

"घे," तिनं फोन नवऱ्याच्या तोंडापुढं धरला. "बोल. परत बोल."

"इथं? या यंत्राशी?"

"दोन महिन्यांनी धक्क्याला लागला की पहिलं हेच ऐकेल. मालकाला 'हो' म्हणायच्या आधी. बोल तिनो!"

टूंऽ असा आवाज झाला. फाउस्तीनोनं तोंड उघडलं आणि मिटलं. घाबरला होता. भर उन्हात सगळ्यात उंच शिडीवर वारा खात उभा राहणारा माणूस, पण वीतभर फोनपुढं घाबरला होता. एलवीरानं त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की त्याचा वळ नंतर चार दिवस होता.

"रेने," तो म्हणाला. मग घसा साफ केला. आणि मग, स्वतःला ऐकू यावं एवढ्या मोठ्यानं, म्हणजे दोन फर्लांगावरच्या विंचवालाही ऐकू जावं असं, तो ओरडला, "रेने! घरी ये! बाप बोलतोय तुझा! मी चुकलो, ऐकतोयस का, मी चुकलो! त्यांना नाही म्हण आणि घरी ये!"

रस्त्यावर कोणी वळलं नाही. हॅरिएटचे खांदे हलत होते. वेंडेल हेल्मेट दोन्ही हातांनी छातीशी धरून डोंगराकडे बघत होता. दोरोतेआनं पर्समधून रुमाल काढून नाक शिंकरलं आणि मागं न वळता ओरडली, "दवाखाना कुठं पळून जात नाही! आणखी काही राहिलं असेल तर तेही बोलून घ्या!"

"गेलं का ते?" फाउस्तीनोनं विचारलं.

एलवीरानं पडद्यावर बघितलं; निरोप अजून भरला जात होता. आणि मग तिनंच त्यात, हळू आवाजात, पोरगा लहानपणी तापानं फणफणला की बोलायची तशी, म्हटलं, "बाबाच होते रे ते. खरंच."